एकशे चार बटणांचा हशार

'न'चं बटण खाली जायला नेहमीइतकाच वेळ घेत होतं. वर यायला मात्र चार सेकंद लागत होते. इनोबतबाईंनी घड्याळ लावून दहा वेळा मोजलं आणि सरासरी काढली: चार पूर्णांक एक दशांश. पडद्यावर दहाही वेळा काहीच उमटलं नाही. शेजारचं 'ब' ठीक होतं, पलीकडचं 'म' ठीक होतं. दोष एकाच जागी होता, आणि कारण वास घेतल्याबरोबर कळलं. तुतीची काकवी.

"नफीसाचे बाबा," त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारलं, "कीबोर्डवर काकवी कुणी सांडली?"

आतला चमच्याचा आवाज थांबला. "मांजरानं," योल्दोश अका म्हणाले.

घरात मांजर नव्हतं. गल्लीत एक होतं, पण ते नान-रोटीला काकवी लावून खात खात संगणकावर अंदिजानच्या कुणा अनोळखी माणसाशी सोंगट्या खेळत बसत नसे. इनोबतबाईंनी हे बोलून दाखवलं नाही. चौतीस वर्षं सातवी ते अकरावीला रसायनशास्त्र शिकवल्यावर माणसाला एवढं कळतं, की काचेचं भांडं कुणी फोडलं हे विचारत बसलं तर तास तेवढा फुकट जातो.

आणि आज वेळ फुकट घालवून चालणार नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी शिक्षण विभागाचं पत्र आलं होतं. शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी इनोबतबाईंचं नाव ठरलं होतं. विभागाच्या पोर्टलवर जायचं, 'स्वीकार' आणि 'नकार' अशा दोन चौकोनांपैकी एकावर खूण करायची, खाली दोन ओळी लिहायच्या, की झालं. मुदत आज, गुरुवारी, संध्याकाळी सहापर्यंत. उत्तर आलं नाही तर होकार धरला जाईल, असं पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

बाकीच्यांच्या लेखी हे केव्हाच ठरून गेलं होतं. योल्दोश अकांनी चहाखान्यात सांगितलं, चहाखान्यानं मोहल्ल्याला सांगितलं, आणि मोहल्ला तेव्हापासून योल्दोश अकांना बैठकीत दारापासून लांब, मानाच्या जागी बसवू लागला होता. ते रेशीम गिरणीत भांडारपाल होते. तिथे त्यांना कायम दाराशीच बसावं लागे. त्यामुळे ही नवी जागा त्यांना फार मानवली होती.

इनोबतबाईंना मात्र मुख्याध्यापकांची खोली आठवे. तीन टेलिफोन. कोणत्या खिडकीला कोणत्या रंगाचा पडदा, याच्या फायली. पाहुण्यांसाठी बदामांनी भरलेली बशी, जी कधीच रिकामी दिसता कामा नये. प्रयोगशाळा तिथून दोन मजले दूर, आणि मुख्याध्यापकाला तास नसतात. सातवीतली मुलं पहिल्यांदा दर्शकाचा थेंब टाकतात, बिनरंगी पाणी एकाएकी गुलाबी होतं, आणि वर्गातून 'हाऽ' असा एक आवाज निघतो. तो आवाज त्यांनी चौतीस वेळा ऐकला होता. पस्तिसाव्यांदा ऐकायचा की नाही, हे आज सहाच्या आत ठरवायचं होतं. तीन आठवडे त्या ठरवतच होत्या.

"बाजारात नवा कीबोर्ड मिळतो," योल्दोश अका दारात येऊन म्हणाले. अपराधी माणसाची मदत करण्याची घाई त्यांच्या आवाजात होती. "सायकलवर जाऊन येऊन वीस मिनिटं."

"एका बटणापायी एकशे तीन चांगली बटणं टाकून द्यायची?"

"मग काय करायचं?"

"उघडायचा, साफ करायचा, बंद करायचा. अर्ध्या तासाचं काम."

हा निर्णय कितपत शास्त्रीय होता आणि कितपत सोयीचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. एरवी प्रश्न विचारण्यात त्या कधी मागे नसत.

उघडण्याआधी त्यांनी एकदा, केवळ नोंद असावी म्हणून, पोर्टलमध्ये शिरून पाहिलं. 'न' उमटत नसल्यामुळे नावाच्या रकान्यात 'इओबत' असं आलं. पोर्टलनं क्षणभर विचार केला आणि लाल अक्षरांत उत्तर दिलं: 'अशी व्यक्ती अस्तित्वात नाही.'

एकोणसाठ वर्षांत इतकं तोंडावर त्यांना कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मदतीचा क्रमांक फिरवला.

"तुमचं नाव इथे इओबत दिसतंय," पलीकडची बाई म्हणाली.

"इनोबत. बटण बिघडलंय."

"बटणाचं मला काही करता येत नाही, ओपा," ती म्हणाली; थोरल्या भावाला अका, तशी थोरल्या बहिणीला ओपा ही हाक. "सिस्टिम म्हणते तुम्ही नाही."

"मी तुमच्याशी बोलतेय."

"हो, मला ऐकू येतंय. सिस्टिमला नाही ना ऐकू येत. असं करा, मोहल्ल्याच्या समितीचा दाखला आणा, की तुम्ही त्या पत्त्यावर राहता."

"आणून काय करू?"

"पोर्टलवर चढवा."

"पोर्टलमध्ये मला शिरताच येत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मग आधी बटण दुरुस्त करून घ्या," बाई म्हणाली, आणि आपण कुणाचं तरी भलं केलं अशा सुरात तिनं फोन ठेवला.

योल्दोश अकांना दाखला आणायला पाठवून इनोबतबाई अंगणातल्या द्राक्षवेलीखाली, बाजेवर बसल्या. आधी त्यांनी आलेखाच्या कागदावर कीबोर्डचा नकाशा काढला. पट्टीनं आखलेले एकशे चार चौकोन, प्रत्येकात बटणावरची दोन्ही अक्षरं, जुन्या लिपीतलं आणि नव्या लिपीतलं. मग चमच्याच्या दांड्यानं एकेक बटण उचकटून काढलं आणि ओळीनं मांडून ठेवलं. काम छान चाललं होतं. कीबोर्ड उलटा करून त्या पहिल्या स्क्रूपर्यंत पोचल्या, तेवढ्यात फाटक वाजलं. योल्दोश अका दाखला न आणता ओक्साकालला घेऊन आले होते.

सोतिबोल्दी अका हे मोहल्ल्याचे ओक्साकाल, म्हणजे समितीचे अध्यक्ष. अंगणात शिरून त्यांनी मांडलेली बटणं पाहिली, इनोबतबाईंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला, आणि छातीवर हात ठेवला.

"इनोबत ओपा! मोहल्ल्याची होऊ घातलेली मुख्याध्यापिका एकटी स्क्रू फिरवत बसलेय, हे लोकांनी पाहिलं तर मी तोंड कुठे लपवू?"

"सोतिबोल्दी अका, स्क्रू फक्त अठरा आहेत."

"अठरा! आणि तुम्ही एकट्या! योल्दोश, तू नवरा आहेस की पाहुणा? हशार घालू या."

मार्गिलान शहरात एकाच्या हातून न उरकणारं काम मोहल्ल्यानं मिळून उरकायचं, त्याला हशार म्हणतात. कुणाचं छप्पर असो की कालव्यातला गाळ, हाक गेली की घरटी एक माणूस येतो, मजुरी घेत नाही, आणि दुपारी यजमानाकडचा पुलाव खाऊन जातो. हाक कुणी घालायची याला नियम आहे. पुलाव कुणी शिजवायचा यालाही आहे: घरच्या पुरुषानं. काम किमान केवढं असावं याला मात्र नियम नाही, आणि ही त्रुटी आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

अकरा वाजेपर्यंत अंगणात चौदा माणसं होती. योल्दोश अकांनी कढई चढवली, कमरेला फडकं बांधलं, आणि काकवीचा विषय आता कायमचा मागे पडला या आनंदात ते मांस परतू लागले.

दुरुस्तीचं नेतृत्व आपोआप तोख्तासिन अकांकडे गेलं. ते तीस वर्षं रेशीम गिरणीत माग दुरुस्त करत. कीबोर्ड हातात घेऊन त्यांनी कानाशी हलवून पाहिला.

"मागाला दोन हजार धागे असायचे. हे काय, शंभराच्या घरात." त्यांनी निदान केलं. "कोरडा पडलाय. सरकीचं तेल द्या."

"तेल नको, अका. त्यात काकवी गेलेय. साखर वितळायला पाणी, आणि पाणी उडून जायला स्पिरिट."

"मग स्पिरिट द्या."

"ते शाळेत आहे, आणि शाळेला सुट्टीचं कुलूप आहे." इनोबतबाईंनी जरा विचार केला. "चाळीस टक्क्यांचं द्रावण चालेल. नफीसाचे बाबा, लोणच्याच्या बरण्यांमागची बाटली आणा."

योल्दोश अकांचा झारा हवेत राहिला. गेल्याच महिन्यात त्यांनी ओक्साकालसमोर, चहाखान्यात, त्या पदार्थाशी आपला संबंध संपल्याचं जाहीर केलं होतं.

"कुठली बाटली?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"अर्धी भरलेली."

बाटली आली. सोतिबोल्दी अका ती नेली जात असताना द्राक्षवेलीकडे बघत राहिले, आणि द्राक्षं यंदा बरी धरलीत असं म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस.

सतरा स्क्रू सहज निघाले. अठरावा सापडेना. इनोबतबाई म्हणाल्या, "कागदी चिठ्ठीखाली असेल, थांबा." पण त्या 'थांबा'पर्यंत पोचण्याआधी तोख्तासिन अकांनी दोन्ही अंगठे फटीत घालून, अडलेल्या धोट्याला द्यायचा तसा झटका दिला. कडाड् झालं. झाकण निघालं, अठरावा स्क्रू चिठ्ठीसकट निघाला, आणि प्रत्येक बटणाखाली जी एकेक रबरी वाटी असते, बोराच्या बीएवढी, त्या एकशे चार वाट्या अंगणभर उधळल्या.

बायका धावल्या. रेशमाचे कोश वेचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे काही अवघड नव्हतं. पाच मिनिटांत सगळ्या वाट्या पदरात जमा झाल्या. इनोबतबाईंनी मोजल्या. एकशे तीन. पुन्हा मोजल्या. एकशे तीन. सगळ्यांनी अंगणात टिपत फिरणाऱ्या कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीनं दुसरीकडे पाहिलं.

"कापायची का?" तोख्तासिन अकांनी विचारलं. "पुलावात जाईल."

"डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर आहे माझ्याकडे," इनोबतबाई म्हणाल्या. "त्याच्या रबरी टोपीतून एक वाटी कापता येईल."

इतकं सगळं होऊनही त्या प्रसन्न होत्या, ही नवलाची गोष्ट होती. झाकणाखालच्या, कागदासारख्या पातळ दोन पारदर्शक पडद्यांमध्ये काकवीचा डाग त्यांना सापडला, तांबूस, नाण्याएवढा. कापसाच्या बोळ्यानं त्यांनी तो पुसला. दुसरा बोळा, तिसरा बोळा, डाग फिका होत गेला आणि नाहीसा झाला. त्या पाऊण तासात त्यांना मुख्याध्यापकांची खोली एकदाही आठवली नाही.

इकडे सोतिबोल्दी अकांनी वही काढली होती. प्रत्येक हशाराची नोंद होते. स्वरूप, उपस्थिती, आणि एक जोडपत्र.

"जोडपत्र म्हणून काय देता?"

"काही नाही, अका."

"असं कसं? कालव्याच्या वेळी नकाशा जोडला होता." त्यांची नजर आलेखाच्या कागदावर पडली. "हा काय, आहे की नकाशा! काय सुंदर काढलाय!"

"तो मला लागणार आहे!"

"शिक्का मारून तासाभरात परत," असं म्हणून ओक्साकाल गेलेसुद्धा.

त्याच सुमाराला तुर्गुनोय बुवी, अख्ख्या मोहल्ल्याच्या आजी, आल्या. वय पंच्याऐंशी, ऐकायला कमी, दिसायला हवं तेवढं. हातात तवी, तवीत धुपणारी हरमलची पानं. त्यांनी कीबोर्डभोवती, बाटलीभोवती आणि तोख्तासिन अकांभोवती तीन तीनदा धूर फिरवला.

"दृष्ट लागलीय," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी जागा मिळतेय पोरीला, बटण चिकटणारच."

धुरात कुणाला काही दिसेना. बायका एका टोपलीत बटणं धूत होत्या आणि शेजारच्या टोपलीत पुलावासाठी गाजरांच्या सळ्या करत होत्या. पुढे जे झालं त्याचं मूळ या दोन टोपल्यांमधल्या वीतभर अंतरात होतं.

एक वाजता पुलाव वाढला गेला. तांदूळ लालसर, मोकळा. योल्दोश अकांचा हात त्या दिवशी खरोखर चालला होता. तिसऱ्या घासाला बुवींच्या तोंडात टक् असा आवाज झाला. त्यांनी दोन बोटं घालून वस्तू बाहेर काढली, पुसली आणि उजेडात धरली. 'क'चं बटण होतं. मग त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि बटण रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकलं.

वसंतात गव्हाच्या अंकुरांचं सुमलक शिजवतात, तेव्हा तळाला लागू नये म्हणून कढईत धुतलेले खडे टाकतात. ज्याच्या वाटीत खडा येईल त्यानं मनातली इच्छा मागायची आणि खडा जपून ठेवायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी काही बोलेना. बोलल्या त्या इनोबतबाईच.

"बुवी, ते कीबोर्डचं बटण आहे."

"मला डोळे आहेत, मुली. खडा नाही ते दिसतंय. पण आलंय माझ्याच घासात."

"खडा सुमलकात येतो. हा पुलाव आहे."

"देणारा काय कढई बघून देतो?"

"आम्हाला लागेल हो ते."

"पुढच्या वसंतात देईन परत. इच्छा पुरी झाल्यावर." बुवींनी गाठ चाचपली. "अगं, तुझ्यासाठीच तर मागितलंय. काय मागितलं ते सांगायचं नसतं, पण तुला कळलं असेलच."

इनोबतबाईंना कळलं होतं. अंगणातल्या सगळ्यांनाच कळलं होतं, आणि सगळे त्यांच्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते की त्यांनी बशीतलं गाजर उगाच इकडचं तिकडे केलं. चौदा माणसांनी सुट्टीची सकाळ खर्च केली होती, त्यांना होकार देता यावा म्हणून. सकाळी नकार देणं नुसतं अवघड होतं. आता पुलावानंतर तो उद्धटपणा झाला असता.

तोख्तासिन अकांनी जर्दाळूच्या लाकडाचा तुकडा चाकूनं तासून 'क'च्या जागी बसेल असं बटण घडवलं. मूळ बटणांपेक्षा ते देखणं झालं. त्यांनी दुसरंही करायची तयारी दाखवली.

जेवण झाल्यावर इनोबतबाई भांडी आवरायला आत गेल्या. पाहुण्यांना भांडी घासू द्यायची नसतात, आणि त्यांनाही जरा आत जायचंच होतं. नळाखाली हात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. घड्याळात साडेतीन झाले होते. बाहेरून सगळ्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता, वाद, हसणं, पुन्हा वाद. एकदा योल्दोश अकांचा आवाज आला: "आमच्या नफीसाच्या आईला सगळं जमतं!" त्यांनी नळ बंद केला, मग परत सुरू केला.

बाहेर आल्या तेव्हा कीबोर्ड तयार होता. झाकण बंद, सतरा स्क्रू बसवलेले, एक उरलेला, बटणं चकाचक. त्यांनी जवळ जाऊन पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"नकाशा कुठाय?"

सोतिबोल्दी अकांनी नकाशा पुढे केला. तो वेळेत परत आला होता. जांभळा गोल शिक्का, मोहल्ल्याच्या नावासह, नेमका मधल्या दोन ओळींवर बसला होता, आणि बटणं धुताना कागद ओला झाल्यामुळे शाई कडेपर्यंत पसरली होती.

"काही वाचता येईना," ते म्हणाले, "म्हणून आम्ही वर्णक्रमानं लावलं. आधी कुणी लावलं होतं हो? काही ताळमेळच नव्हता."

वर्णक्रमातही एक अडचण आली होती. मोहल्ल्यातल्या चाळिशीच्या वरच्यांना जुनी लिपी येते, खालच्यांना नवी. वडीलधाऱ्यांनी डावीकडून जुन्या लिपीच्या क्रमानं सुरुवात केली, सुनांनी उजवीकडून नव्या लिपीच्या क्रमानं, आणि दोन्ही पक्ष मध्यभागी भेटले तेव्हा तीन अक्षरांवरून थोडी बोलाचाली झाली. ती ओक्साकालांनी मिटवली. त्यांनी ती तीन बटणं रिकाम्या दिसलेल्या जागी, वर, आकड्यांत बसवली.

इनोबतबाई बाजेच्या कडेवर टेकल्या. हसू येतंय की रडू, हे त्यांना निश्चित सांगता आलं नसतं. दोन्हींची लक्षणं सारखीच होती.

"अका," त्या अखेर म्हणाल्या, "बटणावर काय लिहिलंय ते संगणकाला दिसत नाही. त्याला फक्त जागा कळते. 'अ' तुम्ही कुठेही लावा, खाली आहे तेच उमटणार."

"मग संगणकाला नवा क्रम कळवा ना. मी पत्र देतो."

"नको. सगळी बटणं परत काढा."

संगणक बाहेर आणून बाजेवर ठेवला. खिडकीतून तार ओढली. बटणं पुन्हा निघाली. इनोबतबाई एकेक उघडा दांडा दाबत, पडद्यावर अक्षर उमटे, योल्दोश अका ते बाजारात खरबुजं विकावीत अशा आवाजात पुकारत, आणि बायका ढिगातून ते बटण शोधून देत. 'न'च्या दांड्याला 'न' उमटलं, तेव्हा टाळ्या पडल्या. औषधाच्या ड्रॉपरवर बसलेलं अक्षर इतरांहून मऊ लागत होतं. ते दाबायला सगळ्यांनी रांग लावली. शेवटचं बटण बसलं तेव्हा सहाला अठरा मिनिटं कमी होती.

"झालं!" सोतिबोल्दी अका म्हणाले. "आता 'स्वीकार'वर खूण करा, ओपा. दाखला मी आणलाय." त्यांनी दाखला मोठ्यानं वाचला. त्यात इनोबतबाई अस्तित्वात असून त्यांची वागणूक चांगली आहे, असं प्रमाणित केलं होतं.

"घाई नको," तोख्तासिन अका म्हणाले. "माग दुरुस्त झाला की लगेच गिऱ्हाइकाचं कापड चढवत नाहीत. आधी हातभर विणून बघतात. विणा, ओपा, हातभर काहीतरी."

"काय लिहू?"

"काहीही. हाताला येईल ते."

इनोबतबाईंनी कोरं पान उघडलं आणि बोटं टेकवली. नजर त्यांनी बटणांवरच ठेवली. एखादं अडतंय का, एखादं वाकडं बसलंय का, जर्दाळूचं लाकूड बोटाला लागतं कसं. सगळी बटणं नीट खाली जात होती, नीट वर येत होती. बोटांनी वेग घेतला. इतक्या दुखापतींनंतर एखादं यंत्र पुन्हा चालू लागलं की शास्त्राच्या माणसाला जो आनंद होतो, त्यात त्या होत्या. आपण काय लिहितोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तीन आठवडे रोज पहाटे, योल्दोश अका उठायच्या आत, त्या एकच मजकूर लिहीत आणि पुसून टाकत. बोटांनी तोच लिहिला.

तोख्तासिन अकांनी चष्मा चढवला. कापड तपासताना ठेवावं तसं बोट पडद्यावर ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले.

"'शिक्षण विभागास सविनय.' ठीक. धागा कुठे तुटलेला नाही. 'माझ्या नावाचा विचार केल्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.' वा! 'न' बघा कसं आलंय. 'मोहल्ल्यानंही मला फार प्रेम दिलं.' हेही सुरेख. 'पण...'"

ते थांबले. त्यांचे ओठ हलत राहिले, आवाज मात्र येईना. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"काय झालं?" सोतिबोल्दी अका म्हणाले. "बिघडलं का पुन्हा?"

"नाही, नाही. वीण एकदम पक्की आहे."

"मग वाचा की पुढे."

"पुढचं कापड ज्याचं त्यानं उलगडावं," तोख्तासिन अका म्हणाले आणि पडद्यासमोरून बाजूला झाले.

सोतिबोल्दी अकांच्या हातातला दाखला वाऱ्यानं फडफडला. योल्दोश अका किटली घेऊन उभे होते. त्यांच्या कमरेला अजून सकाळचं फडकं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मीठ बेतशीर आहे ना, हे ते ज्या आवाजात विचारत, त्याच आवाजात त्यांनी विचारलं,

"पण काय, नफीसाची आई?"

इनोबतबाई उठून उभ्या राहिल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज त्यांनी घराच्या अंगणात आजवर कधी वापरला नव्हता.

"पण मला मुख्याध्यापिका व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला सातवीचा वर्ग हवा."